न झालेल्या युद्धनौकेचा नकाशा

अहो शिरीषराव,

शंभर वर्षांपूर्वी तह झाला म्हणून इंग्रजांनीसुद्धा जी युद्धनौका बांधायची सोडून दिली, ती तुम्ही सहा वर्षं आपल्या पुण्याच्या हॉलमध्ये लाकडातून घडवताय. "ही झाली की येतो न्यूझीलंडला," म्हणालात. इकडे हेन्डरसनमध्ये आपली नात चालायला लागली.

ज्या नकाशासाठी महिनाभर घर उपसताय, तो माझ्या बॅगेत आहे. मुद्दाम आणला. खोटं बोलणं पाप, असं कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, फोनवर "मी नाही बाई पाहिला" म्हणताना जराही अडखळले नाही. वाटलं, काम अडलं की कंटाळून याल.

काल म्हणालात, "राहू दे, आठवणीतून काढतो."

थकले मी. नकाशा उद्या पोस्टाने पाठवते. सोबत हे पत्र मात्र नसेल.

तुमचीच,
दमयंती