झेललेली ओळ

बोरी तांडा, ता. आर्णी
९ नोव्हेंबर २०२४

ती. शीलाबाईस,
भारतचा सा. न. वि. वि. जय सेवालाल.

तुझ्या नोकरीपायी आम्हाले अजून पत्र लिहा लागते. सारं जग फोनवर बोलते, अन आमची बहीन म्हनते की पोस्टातल्या बाईच्या माहेरची मानसं पत्र नाही लिहिनार तर कोन लिहिन. घे मंग. इकडं सारे खुशाल हाव. कापसाची दुसरी येचनी चालू हाय, तुझी भावजय रंजिता दिवसभर वावरात असते, अन याडी, आपली माय, खाटेवर बसून अख्ख्या तांड्यावर नजर ठेवून राह्यली.

काम असं हाय. आपली पायल यंदा बारावीले. इंग्रजीचं पुस्तक पाह्यलं की तिचं डोकं दुखते, थे तुले माहीतच हाय. गान्याचं मात्र येगळं. आर्नीच्या उज्ज्वला मॅडमकडं ती पाचवीपासून शिकून राह्यली, अन पुढच्या महिन्यात तिची यवतमाळले मध्यमेची परीक्षा हाय. मॅडम म्हनते का तुमच्या नागपुरात एका विद्यापीठात गान्याचा विभाग हाय, अन तिथं प्रवेश देताना ह्या परीक्षेची श्रेणी धरतात. मले काही पटत नाही. आ-आ-आ करून कॉलेजात घेतात काय? तिच्या आलापानं आपली म्हैस पान्हा चोरते, थे धरत असतीन तर पाय.

पन पोरगी लय आस लावून बसली. नाही जमलं तर महागावचे अमरसिंगमामा तिले त्यायच्या कृषी केंद्रात बिलं फाडाले ठेवतो म्हनतात. तिनं थे ऐकलं तवापासून धड जेवत नाही. तर तू जाऊन खरंखोटं इचारून ये. भावजींले राम राम. लोभ हायेच, तो पोस्टात हरवू देऊ नको.

तुझा,
भारत

---

नागपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. भारत यास,
शीलाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. म्हशीला म्हणावं, जरा दम धर. मी जेवणाच्या सुटीत त्या विभागात जाऊन आले. कार्यालयातली बाई भली निघाली, चहासुद्धा पाजला. उज्ज्वला मॅडम सांगतात ते अगदी खरं आहे. बारावीचे गुण, तिथे घेतात ती गाण्याची चाचणी आणि ह्या संगीत परीक्षेची श्रेणी, असं तिन्ही मिळून प्रवेशाची यादी लागते. प्रथम श्रेणीला श्रेणीचे पूर्ण गुण, द्वितीयला निम्मे. आपल्या पोरीची बारावी काठावरची, तेव्हा तिला पहिली श्रेणी पाहिजेच. पहिली मिळाली तर ती इथे माझ्याकडे राहील. नाहीतर महागावला युरियाची बिलं फाडेल.

आता नीट ऐक आणि याडीलाही वाचून दाखव. परीक्षेला पायल आणि मॅडम, दोघीच जातील. माझ्या पोस्टाच्या मुलाखतीला तुम्ही टेम्पो भरून आलता आणि फाटकावरच्या शिपायाला मोर्चा वाटला, तो तमाशा मी अजून विसरले नाही. इकडे परीक्षा म्हणजे चिडीचूप. ज्याची परीक्षा त्यानंच तोंड उघडायचं. याडीला राग येईल, येऊ दे. मी शहरात इतकी वर्षं काढली, मला इथली रीत कळते. आपली गाणी तर मी कधीच विसरून गेले, आता कुकरच्या शिट्ट्या तेवढ्या ओळखते.

रंजिताला सांग, अंबाडीची भाजी वाळवून ठेव. सगळ्यांवर माझी माया आहे, पण टेम्पोवर नाही.

तुझी,
शीलाबाई

---

बोरी तांडा
१२ डिसेंबर २०२४

ती. शीलाबाईस,
सा. न. वि. वि.

शिव्या द्याच्या असतीन तर पयले पानी पिऊन घे. आम्ही टेम्पो नाही केला. जीप केली.

मी याडीले तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. ती म्हने, मी आत कायले जातो, भाईर बसीन. सोबत शेजारची तानाबाई निघाली, कारन याडी एकटी बसत नाही. तिथं पोहचलो तं परीक्षेची खोली तळमजल्यावर. खिडकी उघडी अन खिडकीखाली मस्त सावली. दोघी तिथंच बसल्या.

पायलनं राग गायला, ताना घेतल्या. मले काही समजत नाही, पन मॅडमचा चेहरा पाहून वाटे का पोरीनं मैदान मारलं. शेवटी परीक्षकबाई म्हने, आता तुमच्याकडचं एखादं लोकगीत म्हन. तं पोरीनं कोनतं काढावं? याडीनं मागच्या होळीले माझ्यावर रचलेली लेंगी. माझी फटफटी चढावर बंद पडते, मी ढकलतो अन बायको मागून हसते, थे. आता तुले ठाऊकच हाय, आपल्यात लेंगी कोनी एकटं म्हनत नाही. एकीनं ओळ टाकाची अन बाकीच्यायनं तीच ओळ झेलाची. टाकलेली ओळ खाली पडू द्याची नाही. पायलनं ओळ टाकली, जराशी थांबली, अन खिडकीखालून याडी अन तानाबाईनं खणखणीत आवाजात झेलली. पुरी.

परीक्षकबाई उठल्या अन खिडकी लावून घेतली. भाईरच्या मानसानं परीक्षेत आवाज द्याचा नाही, हे मले कागदावर लिहा लागन, असं म्हनल्या. पोरगी भाईर आली तवा तिचं तोंड उतरलं होतं. जीपीत याडीच बोलली.

"पोरीची ओळ उघडी पडून राह्यलती. मी तिले एकटी सोडू काय?"

आता याच्यात चूक कोनाची? तूच सांग. तूर बरी हाय. लोभ ठेव, रागाचं बिऱ्हाड लवकर उठव.

तुझा,
भारत

---

बोरी तांडा
२० फेब्रुवारी २०२५

ती. शीलाआत्यास,
पायलचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, हे पत्र फक्त तुझ्यासाठी आहे, बाबाला कळवू नको. बारावीचा इंग्रजीचा पेपर झाला. बरा गेला म्हणते, कारण खराब गेला म्हटलं तर तूच ओरडशील.

निकाल अजून लागला नाही. पण मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहून राह्यली. होळी जवळ आली, तांड्यात रोज लेंगीची तालीम चालते, आणि दादी येत नाही. बोलवाले गेलं तर म्हणते, घसा धरला. तिचा घसा काही धरला नाही, आत्या. माझ्यामुळं पोरीचं नुकसान झालं, आता मी तोंड उघडणार नाही, असं ती तानाबाईजवळ बोलली. डिसेंबरपासून तिनं एक ओळ म्हटली नाही. म्हैस दोहतानासुद्धा नाही.

खरी गोष्ट मी कोणाले सांगितली नाही. मॅडमनं मले शिकवून ठेवलं होतं की लोकगीत म्हणशील तर न थांबता सरळ म्हण. मी थांबली. राग गाताना जीव मुठीत होता, आणि लेंगी सुरू केल्यावर इतकं घरच्यासारखं वाटलं की मी जागा सोडून दिली. त्या जागेत कोणी येईल असं मनातही नव्हतं, पण जागा मीच सोडली. दादीनं फक्त तिचं काम केलं. मी तेव्हा रागानं तिच्याशी तीन दिवस बोलली नाही, आणि आता कोणत्या तोंडानं सांगू? महागावच्या दुकानाची भीती वाटते, पण त्याच्याहून ह्याचं जास्त वाईट वाटते. तू काहीतरी सांग. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे.

तुझी,
पायल

---

नागपूर
२७ फेब्रुवारी २०२५

चि. पायल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

वेडी कुठची. तुझं पत्र मी काउंटरवर बसून वाचलं आणि समोरच्या माणसाला चुकीची तिकिटं दिली.

दादीला तोंडानं सांगून काही उपयोग नाही. माझ्या याडीला मी ओळखते, ती हं हं करील आणि कूस बदलेल. तिला जे कळतं त्यातच सांग. होळीच्या दिवशी सगळ्यांसमोर ओळ टाक आणि थांब. ती झेलेपर्यंत दुसरी ओळ टाकू नकोस. लोक हसले तरी हलू नकोस.

निकालाचं जे व्हायचं ते होईल. दुसरी श्रेणी आली तरी निम्मे गुण असतात, आणि इथली चाचणी अजून बाकी आहे. मी त्या दिवशी परीक्षकबाईंवर चिडले नाही, त्यांचा नियम बरोबरच. याडीवर मात्र चिडले होते. आता तेही राहिलं नाही. जेवत जा. इथे तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझी,
आत्या

---

बोरी तांडा
१६ मार्च २०२५

ती. शीलाबाईस,
सा. न. वि. वि. होळीचा राम राम.

तू पोरीले काय लिहिलं थे मले माहीत नाही, पन जे झालं थे लिहितो. आपली होळी पहाटेची, थे तं तू विसरली नसशीन. जाळ लागला, डफ वाजला, अन पायल पुढं झाली. तिनं माझ्या फटफटीची ओळ टाकली अन थांबली. बाया झेलाले निघाल्या तं तिनं हातानं थांबवलं. डफवाला भीमसिंग थांबला. मी म्हनलं, पोरगी विसरली वाटते. पन ती आपली याडीच्या खाटेकडं पाहून उभी. जरा वेळ नुसता लाकडायचा आवाज. पोट्टे हसाले लागले तरी ती हलली नाही.

मंग खाटेवरून आवाज आला. जुनाच, खणखणीत. शीलाबाई, मी जाळापासून दूर उभा होतो, तरी धूर लागला म्हनून डोळे पुसले. रंजितानं पाह्यलं. त्याच्यावर आता नवीन लेंगी निघाली हाय.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. निकाल लागला. द्वितीय श्रेणी. रागदारीले चांगले गुन हायेत, लोकगीताले काहीच नाही. पायल रडली नाही. म्हने, निम्मे तं निम्मे, बाकीचे नागपुरात गाऊन घेईन. अमरसिंगमामाले मी सांगून टाकलं की बिलं फाडाले दुसरं मानूस पाहा. लवकर केलं काय? आता तुझ्या हवाली हाय ती. तिले अन आम्हाले, दोघायले सांभाळ.

तुझा,
भारत

---

नागपूर
५ जुलै २०२५

चि. भारत यास,
अनेक आशीर्वाद. रंजिताला आणि याडीला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. पायलनं फोनवर निकाल सांगितला असेल, पण तिनं सगळं सांगितलं नाही. मीच शपथ घातली होती.

चाचणीला मी तिच्यासोबत गेले. बाहेरच्या बाकावर बसले, पर्स मांडीवर, तोंड बंद. आत तिनं राग गायला. दारातून ऐकू येत होतं. मला कळत नाही, पण तिथून जाणारे एक सर चालता चालता थांबून ऐकू लागले तेव्हा मला धीर आला. मग आतून कोणीतरी घरचं गाणं म्हणायला सांगितलं. मी मनात म्हटलं, पोरी, दुसरं काहीही म्हण. तिनं तुझी फटफटीच काढली. पहिली ओळ झाली. आणि सवयीनं ती थांबली.

भारत, तिथे ना याडी होती, ना तानाबाई. पोरगी परक्या लोकांत उभी आणि तिची ओळ तशीच अधांतरी. तुला मी लिहिलं होतं की मला गाणी येत नाहीत. ते खोटं नव्हतं. पण झेलायला गाणं यावं लागत नाही, तीच ओळ परत म्हणायची असते, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

मी झेलली. पोस्टातली बाई, बाकावर बसून, पर्ससकट.

दार उघडलं. मला वाटलं, संपलं सगळं. आतले सर रागावलेले होते. त्यांच्या शेजारच्या बाई मात्र हसत होत्या. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, हिच्या बापाची बहीण, ज्याची फटफटी आहे त्याची. मग सरांनी पायलला सांगितलं की आता हेच गाणं न थांबता एकटीनं म्हण. तिनं म्हटलं. छान म्हटलं, पण मजा आली नाही. बाईही हेच म्हणाल्या.

काल यादी लागली. तिचं नाव शेवटून दुसरं आहे. निम्मे गुण नसते तर तेही नसतं. पण आहे. तिचं कॉलेज सोमवारपासून.

आता एक काम. याडीला लिहिता येत नाही, तेव्हा तिनं सांगावं आणि तू लिहावं. एका पत्रात एक लेंगी. पायल ओळ टाकेल आणि स्वयंपाकघरातून मी झेलीन, तेव्हा निदान पुढची ओळ तरी मला ठाऊक पाहिजे. पत्र पोहोचेल की नाही याची काळजी करू नकोस. पोस्टात आपलं माणूस आहे.

तुझी,
शीलाबाई