धाकटीची उत्तरं

ती. आईस नमस्कार.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की धाकटीने डॉक्टरीणबाईंच्या सगळ्या प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली. ते खरं नव्हतं. बाईंच्या मागे उभी राहून मी ओठ हलवून तिला सांगत होते. आपल्या घरात एकाला विचारलं की चौघं बोलतात, तीच सवय.

रोगाशी लढणारी शरीराची ताकद तिच्याच मेंदूवर उलटली आहे, आणि औषध किती दिवस द्यायचं ते या उत्तरांवरून ठरतं. माझ्या मदतीने ते लवकर बंद झालं असतं. नर्सने वेळेत पकडलं. "ताई, पेपर तुमचा नाही," म्हणून मला बाहेर बसवलं.

काल ती एकटीच बोलली. दोन उत्तरं चुकली, पण वार सांगितला, तुझं नाव सांगितलं. वर बाईंना म्हणाली, "ताईला आत घेऊ नका, ती फार मध्ये मध्ये करते." किती दिवसांनी भांडली गं! औषध आठवडाभर वाढवलंय, पण सुधारणा आहे, असं बाई म्हणाल्या.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा वेळेवर जेवतात ना?

पुढची तपासणी येत्या शुक्रवारी आहे. त्या दिवशी कुणी सांगायच्या आधीच मी बाहेर जाऊन बसेन.

तुझी थोरली