चौथ्या बाटलीतली रेघ

धारवाड, ३ जून २०२५

ती. अप्पांस, दीक्षाचा जय भीम, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि आई मध्येच बोलते, म्हणून लिहिते. एप्रिलमध्ये खोली बदलताना पांढऱ्या भुकटीच्या अंगठ्याएवढ्या दहा बाटल्या मी घरी ठेवल्या होत्या, आठवतं? नंतर प्रयोगशाळेत त्यांत रंगद्रव मिसळून हिरवा लेझर मारला. नऊ बाटल्या नुसत्या मिणमिणल्या. चौथीत मात्र प्रकाश कणाकणांवर आपटत आतच अडकला आणि बाहेर पडताना आलेखावर एक तीक्ष्ण रेघ उमटवून गेला. माझा सगळा प्रबंध त्या रेघेवर उभा आहे. ती बाटली संपली, आणि पुन्हा अकरा वेळा करूनही रेघ येत नाही. सोळा तारखेला समितीसमोर दाखवायची आहे. नाही आली तर मी आकडे बनवले असंच म्हणतील.

घरी चौथ्या बाटलीला कुणी हात लावला होता का? मला फार भीती वाटते आहे. आईला सांगू नका, ती भाकऱ्या बांधून निघेल.

तुमची माया आहेच, ती पाठीशी राहू द्या.

दीक्षा


कमरीपेठ, हुबळी, ६ जून

चि. दीक्षास, अप्पाचे आशीर्वाद आणि जय भीम.

कोप्पीकर रोडवरच्या बेकरीचा बोर्ड रंगवून झाला. मालकाने कन्नड अक्षरं लहान झाली म्हणून पुन्हा काढून घेतली. तुझ्या बाटल्यांना कुणी हात लावला नाही. कोण लावणार? मी तर त्या कपाटाकडे फिरकलोही नाही. वेळेवर जेवत जा.

या म्हाताऱ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

यल्लाप्पा


धारवाड, १० जून

ती. अप्पांस, जय भीम, वि. वि.

तुमच्या शब्दावर विसंबून काल मी समितीला लिहून दिलं, की बाटल्यांना माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. खाली सही केली. माझ्या मार्गदर्शक स्वाती मॅडमनी दोनदा विचारलं, नक्की ना? मी हो म्हणाले. आज बाराव्यांदा करून पाहिलं. काही नाही.

तुमची,
दीक्षा


कमरीपेठ, १२ जून

चि. दीक्षास, आशीर्वाद.

मी खोटं लिहिलं. कपाटातून ब्रश काढताना कोपर लागलं आणि चौथी बाटली निम्मी सांडली. दुसऱ्याची वस्तू कमी करून परत द्यायची नाही, हे आमच्या आईने शिकवलेलं. म्हणून बोर्डाच्या पांढऱ्या रंगाची माझ्या डब्यातली जुनी झिंकची भुकटी तीन चिमट्या घातली आणि बाटली पुरी केली. तू चिडशील म्हणून गप्प बसलो. बाप असून पोरीला भ्यालो. आता तुझी सहीही माझ्यामुळे खोटी झाली, याची लाज वाटते.

सोमवारी डबा घेऊन चिगरी बसने येतो. समितीला मीच सांगतो.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.

यल्लाप्पा


धारवाड, १७ जून

ती. अप्पांस, दीक्षाचा जय भीम, वि. वि.

काल समितीच्या चौघांसमोर अर्धं कन्नड, अर्धं मराठी असं सगळं कबूल केलंत. मग माझ्या भुकटीच्या निम्म्या बाटलीत तुमच्या डब्यातल्या तीन चिमट्या घातल्यात. मॅडमनी प्रत्येक तोलली, तिन्हींचं वजन एकच भरलं. आणि लेझर लावायच्या आत तुम्ही निघूनही गेलात, मागे वळून पाहिलं नाहीत. म्हणून लिहिते.

रेघ आली. सात वेळा आली. तुमचे जाड कण आणि माझे बारीक, अशी सरमिसळ असली तरच प्रकाश आत अडकतो.

सांडलंत त्याचा राग नाही. खोटं बोललात त्याचा आहे, आणि तो काही दिवस राहील. सही केलेला जुना कागद मागे घेऊन नवा दिला. मिश्रण कुणी केलं, या रकान्यात लिहिलंय: यल्लाप्पा, बोर्ड पेंटर, कमरीपेठ.

डबा इथेच विसरलात. आजीच्या नातीने तो रिकामा कसा पाठवायचा? त्यात रेघेचा छापील कागद घडी करून ठेवलाय.

लोभ होता तेवढाच आहे.

दीक्षा