पाड लागलाच नव्हता

गुरु. ११ सप्टें.
दुरुस्ती. २० जुलैच्या पानावर मी लिहिलंय की पपांनी लावलेलं बटरफ्रूटचं, म्हणजे अवोकाडोचं, झाडच वाईट, फळं रबरासारखी. जेवताना सगळ्यांसमोर म्हटलंही तसंच. चूक. खोडत नाही. शाळेत जायच्या आधी दोन वर्षं पपांनी घरीच शिकवलं, तेव्हापासूनचा नियम: चुकलेलं खोडायचं नाही, बरोबर काय ते लिहायचं.

बरोबर असं: जुलैत वाऱ्याने एक फळ पडलं. दादा म्हणाला, पाड लागला. आंब्याचं पहिलं फळ पिकून पडलं की बाकीचे उतरवतात, तसं त्याने त्याच दुपारी झाड ओरबाडलं आणि पेंढ्यात अढी घातली. बटरफ्रूट झाडावर पिकतच नाही. पाड कसला? पडलेलं फळ मीच कापलं होतं. बीची साल पांढरी, म्हणजे कोवळं. ती तपकिरी झाल्याशिवाय काढू नका, हे रोप घेताना कर्जतच्या नर्सरीवाल्याने सांगितलेलं. पपा रोप गाडीला बांधत होते, ऐकलं मी एकटीने. तरी गप्प बसले. अढीतली सगळी सुरकुतली.

शेंड्याला चार राहिली होती. ३ तारखेला एक काढून गव्हाच्या डब्यात ठेवलं. आज देठाशी दाबलं तर दबलं. बीची साल तपकिरी, कागदासारखी. मीठ, हिरवी मिरची, गरम चपाती. लोणी नुसतं. ओट्याशी उभ्यानेच संपवलं आणि मग जो राग आला

शुक्र. १२
दादा नागापूरच्या कारखान्यातून ड्युटी करून आला तो ठरवूनच. झाड तोडायचं, तिथे गाडीला शेड. तोडणारा सोमवारी, २२ ला. "शलूच म्हणली व्हती ना, झाडात दम न्हाई."
पपा पेपरातून वर न बघता म्हणाले, "शलूने बघितलंय तर तसंच असेल."
आठ वर्षं पाणी घातलंय त्यांनी. आणि तोडायचं माझ्या शब्दावर.

शनि. १३
उरलेली तीन काढली. डब्यात. पहिल्याला आठ दिवस लागले होते. म्हणजे २१.

रवि. १४
आमच्याकडे सगळं रविवारी ठरतं, चर्चवरून आल्यावर, जेवताना. वाक्य पाठ करून गेले होते, प्रवचन कानातच शिरलं नाही. "दादा, ते फळ..." एवढंच झालं.
"काय, परत रबर वाढतीस काय?"
वहिनी हसली. पपासुद्धा. मी भात वाढला.
नालायक. तो. मीही.

मंगळ. १६
वहिनीने डब्यातलं एक घेतलं आणि दुधीसारखं फोडणीला टाकलं. कच्चंच. कडूजहर. दादाने ताट सरकवलं. "आता तरी पटलं का सगळ्यांला?"
वहिनीची चूक नाही, डब्यात काय ठेवलंय आणि का, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. हे लिहायला हवं.
पपांनी वाटी संपवली. वर तांब्याभर पाणी प्यायले.
भांडी घासताना कप फुटला. मुद्दाम नाही. थोडा मुद्दाम.

शुक्र. १९
दोन उरली. एक देठाशी किंचित... नक्की नाही. दिवसातून सहा वेळा दाबते, त्यानेच नासायची. आता हात लावायचा नाही.
तोडणाऱ्याचा फोन आला, सोमवारी सकाळी आठला येतो. दादाने आत्ताच शेडचं माप घेतलं, झाडालाच टेप अडकवून. इतका संताप झाला की टेप ओढून फेकावीशी वाटली. फेकली नाही.
संध्याकाळी पपा झाडाला पाणी घालत होते. म्हटलं, पपा, आता कशाला?
"सोमवारपर्यंत आहे ना."

मऊ झाली तर कापून चौघांच्या ताटात. नाही झाली तर ही वही ताटाशेजारी, २० जुलैचं पान आणि ११ सप्टेंबरचं, दोन्ही मोठ्याने. दादाला काय म्हणायचं ते म्हणू दे. रविवार, २१ सप्टेंबर. प्रार्थनेचं आमेन झाल्याबरोबर, कुणी पहिला घास घ्यायच्या आत.