तेहतीस अनारसे आणि एक गोलकीपर

१८ जुलै, मंगळवार. पहाटे ५.

आजपासून अधिक श्रावण. एकोणीस वर्षांनी अधिकात श्रावण आला आहे. नेम पुढीलप्रमाणे:
एकभुक्त राहणे. दुपारी तीन ते पाच घरी पोथी, मी वाचणार, गल्लीतल्या बायका ऐकणार. दोन्ही एकादशींना दिवेलागणीपर्यंत मौन. महिनाभर टीव्ही बंद. महिनाभर खोटं बोलायचं नाही.
शेवटचा नेम सगळ्यात सोपा. मी तशीही बोलत नाही.
टीव्हीवर जुनं लुगडं टाकलं. हे म्हणाले, व्रत तुझं आहे की टीव्हीचं?
देवघर पुसताना बाळकृष्णाखालचं लाल कापड उचललं नाही. वरवरच पुसलं. त्याखालचं पत्र आहे तिथेच असणार. जाणार कुठे.

२० जुलै, गुरुवार

पोथी चालू असताना पुढच्या खोलीतून आरडाओरडा. यांनी लुगडं काढून टीव्ही लावलेला. आवाज कमी करा सांगायला उठले. पाहते तर बायकांचा फुटबॉल. वर्ल्ड कप म्हणे, ऑस्ट्रेलियाकडेच भरलेला. ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंड. पिवळ्या कपड्यातल्या ऑस्ट्रेलियाच्या. त्यांची कॅप्टन पोटरी दुखावली म्हणून बाकावर बसून होती, बिचारी. घरच्या कार्यात यजमानीणबाईच आजारी पडावी तसं.
मी बसले नाही. दारात उभ्यानेच पाहिलं. उभ्याने पाहिलेलं व्रतात धरत नाहीत.
पेनल्टीवर पिवळ्यांचा एक गोल. जिंकल्या. त्यांची गोलकीपर हातमोजे घालून वाकून उभी होती, गुडघ्यांवर हात, डोळे चेंडूवर. अगदी आमची हेमांगी. ती नववी-दहावीत शाळेकडून गोलकीपर उभी राहायची तेव्हा हीच ढब. मी एकदाच पाहायला गेले होते, आणि अर्धी चड्डी बघून परत आले होते.
पोथी ऐकणाऱ्या बायका दहा मिनिटं तशाच बसून. सांगितलं, दूध उतू गेलं होतं.
(हे खोटं नाही. दूध सकाळी खरंच उतू गेलं होतं.)

२१ जुलै

हेमांगीला जळगावला फोन केला. इकडचं तिकडचं. ती बायकांच्या मॅचेस बघते आहे का असं सहज विचारलं. म्हणाली, आई, तू आणि फुटबॉल? आणि खूप हसली.
आजच सांगणार होते. पण ती पोळ्या करत होती. पोळ्या करणाऱ्या माणसाला असलं काही सांगू नये, भाजते.

२२ जुलै

वहीत लिहूनच टाकते. वही माझीच आहे, हे वाचत नाहीत.
२००४ सालीही अधिक श्रावणच होता. हेमांगी दहावीत. जिल्ह्याच्या संघातून तिची निवड झाली आणि नाशिकच्या दहा दिवसांच्या शिबिराचं पत्र आलं. शाळेतल्या खेळाच्या सरांची बदली झालेली, म्हणून पत्र थेट घरी, पोस्टाने. मी घेतलं, वाचलं, बाळकृष्णाखाली ठेवलं. पोर रोज अकरा वाजता फाटकाशी उभी राहून पोस्टमनची वाट बघायची. रोज विचारायची, आलं का गं? मी म्हणायचे, नाही बाई. महिनाभर विचारलं, मग सोडून दिलं.
दहावीचं वर्ष होतं. दहा दिवस परगावी. कोणत्याही आईने हेच केलं असतं.
आणि देवापुढे ठेवलं म्हणजे लपवलं असं होत नाही.

२७ जुलै, गुरुवार

आज पिवळ्यांची नायजेरियाशी मॅच, साडेतीनला. पोथी जरा वेगाने वाचली. सुनंदाबाई (समोरच्या, गुडघेदुखीवाल्या) म्हणाल्या, अक्का, तुम्ही तर एक्सप्रेस झालात, मधली स्टेशनं घेतलीच नाहीत. मग खरं ते सांगितलं, कारण व्रत आहे. वाटलं उठून जातील. सगळ्याच पुढच्या खोलीत येऊन बसल्या. यांना खुर्ची सोडावी लागली.
पिवळ्या हरल्या. तीन-दोन.
बेबाबाई पिंपळनेरच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या. त्यांनी निकाल दिला की, पोथी अर्धी सोडीसन मॅच देखी, म्हनीसन हारन्या त्या पोरी. मला घास गेला नाही. एवढ्या लांबच्या पोरी, आणि माझ्यामुळे.
ठराव: आता टीव्ही नाही म्हणजे नाही.

३१ जुलै, सोमवार

बेबाबाईंच्याच म्हणण्यावर विचार केला. दोष मॅचचा नाही, अर्ध्या पोथीचा. म्हणून पोथी सकाळी नऊलाच पूर्ण वाचून घेतली. बायका वेळेवर हजर. इतकी हजेरी आजपर्यंत नव्हती. धर्मकार्य वाढलं असंच म्हणायचं.
साडेतीनला कॅनडा. चार-शून्य! आपण जिंकलो.
ऑफसाइड म्हणजे काय यावर फार वाद झाला. सुनंदाबाईंचं म्हणणं, चेंडू यायच्या आधीच पुढे जाऊन उभं राहणं. म्हणजे पंगतीत पान मांडायच्या आधी बसणं. बेबाबाई म्हणाल्या, मंग त्यात काय चुकनं, मी कायम बसस. अर्ध्या चड्डीचाही विषय निघाला. सुनंदाबाई म्हणाल्या, नऊवारीत पळता येतं का? बेबाबाई म्हणाल्या, काय पयस व माय ती पोर, तिले नेसाले येळ कोठे शे!
सगळ्या हसल्या. मी पण. मग एकदम हसू आवरलं. एकोणीस वर्षांपूर्वी हे कोणी माझ्यासमोर म्हटलं असतं तर.
तर काय, काही नाही. दहावीचं वर्ष होतं.

४ ऑगस्ट

हितेंद्ररावांचा, म्हणजे आमच्या जावयांचा फोन. धोंड्याच्या महिन्याचं जेवण आणि वाण घ्यायला रविवारी तेराला येतो म्हणाले. सोबत हेमांगी आणि नात पुनम. तेहतीस अनारसे द्यायचे. विकतचे मी देत नाही. तांदूळ उद्या भिजत घालायचे, तीन दिवस, रोज पाणी बदलायचं.
तेराला हेमांगीला समोर बसवून सांगणार. नक्की. दान देताना मन स्वच्छ लागतं.

७ ऑगस्ट, सोमवार

डेन्मार्क. दोन-शून्य. कॅप्टन शेवटी शेवटी मैदानात उतरली तेव्हा बेबाबाईंनी तिची दृष्ट काढली, टीव्हीसमोर मीठमोहऱ्या ओवाळून. हे म्हणाले, टीव्ही जळेल. जळला नाही.

८ ऑगस्ट

तांदळाला वास. काल पाणी बदलायचं राहिलं होतं. परवाचंही. किलोभर तांदूळ गाईला. गाईनेही तोंड फिरवलं.
पुन्हा भिजत घातले. तीन दिवस भिजणार, मग पीठ मुरायला हवं, म्हणजे तेराला अनारसे होत नाहीत. पंधराला पुनमचं झेंडावंदन. राहिला सोळा, अधिकाचा अगदी शेवटचा दिवस. हितेंद्ररावांना कळवलं की सोळा तारखेचा योग फार चांगला आहे. ते म्हणाले, अमावास्या आहे ना? मी म्हटलं, अधिकातली चालते. चालत असणारच.
सांगणंही अर्थात सोळावर गेलं. माझा इलाज नाही, तांदळाने घात केला.

१२ ऑगस्ट, शनिवार. एकादशी. मौन.

(रात्री लिहिते आहे.)
साडेबाराला फ्रान्सशी. मौनात बघायला हरकत नाही असं ठरलं, खुणांनी. पूर्ण वेळ शून्य-शून्य. जादा वेळ शून्य-शून्य. मग पेनल्ट्या. एकीने मारायचं, गोलकीपरने अडवायचं. चार-चार झाल्या, संपेना. पाचवीला पिवळ्यांची गोलकीपर स्वतःच मारायला आली. गोल झाला असता तर तिथेच जिंकलो होतो. चेंडू खांबाला. बाईने तोंडही वाकडं केलं नाही, परत जाऊन जाळ्यापुढे वाकून उभी राहिली. गुडघ्यांवर हात. पुढची फ्रान्सवाली धावत आली आणि मी ओरडले.
ओरडले ते असं: हेमांगी, डावीकडे!
टीव्ही सोडून सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. शेवटी वीस पेनल्ट्या होऊन आपण जिंकलो, पण कोणी नीट टाळ्या वाजवल्या नाहीत. सुनंदाबाईंनी विचारलं, अक्का, हेमांगी खेळायची का हो? मौन मोडलंच होतं, म्हणून उत्तर दिलं. म्हटलं, शाळेत जरा. पुढे काही संधी आली नाही.
हे कोपऱ्यातून माझ्याकडे बघत होते. यांना पत्राचं माहीत नाही. नसावं.
एका दिवसात मौन गेलं आणि खऱ्याचा नेमही गेला. प्रायश्चित्त म्हणून रात्रीचं दूधही घेतलं नाही. सोळाला सांगणार. बाळकृष्णावर हात ठेवून लिहिते. (एकाच हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.)

१५ ऑगस्ट

अनारसे तळले. पहिले सात तुपात पडल्या पडल्या हसले, जाळी सुटून कढईभर झाले. मन थाऱ्यावर नसलं की अनारसा हसतो, आमची सासू म्हणायची. पुढचे बरे आले. कडा तुटलेले दोन धरून तेहतीस भरले.
वाक्य पाठ केलं: हेमांगी, तुझं पत्र आलं होतं. पाचच शब्द आहेत. भाजी फोडणीला टाकताना अकरा वेळा म्हटलं, न अडखळता.
तरी ऐनवेळी घसा बसला तर? म्हणून पत्र लाल कापडाखालून काढलं आणि डब्याच्या तळाशी ठेवलं, वर केळीचं पान, वर अनारसे. तोंडाने सांगायचंच आहे. कागद फक्त पुराव्याला.

१६ ऑगस्ट, बुधवार. अमावास्या.

अकराला तिघं आली. बाराला जावयांना पाटावर बसवून, पाणी सोडून, डबा दिला. पुरणपोळ्या झाल्या. हेमांगी भांडी घासू लागली तेव्हा दोघीच होतो. पाच शब्द. म्हटलं, तूप पुरलं का गं? तेही मोजले, चारच होते.
साडेतीनला इंग्लंड. बेबाबाई, सुनंदाबाई हजर. हेमांगी टीव्हीसमोर बसली आणि वीस वर्षांनी लहान झाली. गोलकीपर कुठे उभी हवी, हात कसे हवेत, पुनमला हाताने दाखवत होती. पुनम अकरा वर्षांची. तिने विचारलं, मम्मी, तू पुढे का नाही खेळलीस? हेमांगी टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, मला कुणी बोलावलंच नाही गं. तेवढी चांगली नसेन मी.
मी चहा करायला उठले. चहा तिघींच्या हातात होता तरी.
स्वयंपाकघरातून ओरडणं ऐकू आलं. कॅप्टनने फार लांबून गोल मारला म्हणे. तो मी पाहिला नाही. इंग्लंडचा एक आधीच होता, मग त्यांनी आणखी दोन मारले. तीन-एक. संपलं.
तेवढ्यात ठरवलं की आज नको, पोर आधीच हिरमुसली आहे. पण डब्यात पत्र! हितेंद्ररावांच्या पिशवीतून डबा काढायला गेले, म्हटलं झाकण सैल आहे, जरा बघते. बेबाबाईंनी माझा हात धरला. दिधेल दान मांगे लेतस का कोनी? पाप लागस व माय. हितेंद्रराव म्हणाले, राहू द्या, मी मांडीवर घेऊन बसतो.
सहाच्या एसटीने गेली. डबा मांडीवर.

१७ ऑगस्ट

अधिक संपला. फोन नाही. अनारसे लगेच कोणी खात नाही, वाटतात आधी.

१९ ऑगस्ट

फोन नाही. तेहतीस अनारसे, तीन माणसं, शेजारीपाजारी. आज तळ दिसायला हवा. दोनदा फोन उचलला, दोनदा ठेवला. देवघरात लाल कापड सपाट दिसतं. बाळकृष्ण बुटका झाल्यासारखा वाटतो.

२० ऑगस्ट, रविवार

फायनल. स्पेन आणि इंग्लंड. इंग्लंडने आपल्याला हरवलं म्हणून आम्ही स्पेनकडून. स्पेनचा गोल झाला आणि फोन वाजला. हेमांगी.
अनारसे छान झाले म्हणाली. मग म्हणाली, आई, तळाशी कसला कागद होता? तुपाने पार भिजला होता, अक्षर लागेना. टाकून दिला.
मी म्हटलं, असाच, रद्दी.
म्हणजे मी तर दिलं, देवानेच पुसलं. माझ्याकडून देणं फिटलं. असं वाटलं आणि मग तसं वाटेना. एकदा वाटलं ओरडून सांगावं. तेवढ्यात तीच म्हणाली की पुनम फुटबॉल खेळते आहे, गोलकीपर. नाशिकला शिबिर आहे, निवड झाली तर पत्र येईल. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, म्हणून पत्ता देवपूरचा दिलाय, तुझा. पत्र आलं की मला सांग, आई. सांगशील ना?
म्हटलं, सांगेन.
स्पेन जिंकलं. शेवटचं काही पाहिलं नाही.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सोमवारपासून अकरा ते एक फाटकाशी खुर्ची टाकून बसते. पोस्टमन आज आला. मी उभी राहिले. काकू, एलआयसीचं, म्हणाला.
हे म्हणतात, असल्या शिबिराचं आजकाल मोबाइलवर येतं, पोस्टाने कोण पाठवतं?
हे काहीही बोलतात. पोरीने स्वतः सांगितलं आहे, पत्र येईल.
उद्या साडेदहालाच बसेन.