मानेचा पट्टा

निघोजे,
१७ जानेवारी २०२५

चि. जयदीप,

आशीर्वाद. आज ते दात-ओठ खाऊन देतेय, तरी घे. तळेगावात आईचा गुडघा बरा असेल. आमच्या दिव्याला गणितात चांगले मार्क पडलेत.

फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते. तुमच्या कंपनीच्या मासिकातला फोटो पाहिला. सेफ्टी ऑफिसर स्वतःच्या दाजींच्या मानेला पट्टा बांधतोय! वा रे सेवा! डोक्यावर लटकणाऱ्या गाड्यांखाली उभं राहून, शिफ्टभर मान मागे टाकून बोल्ट आवळायचे. त्या कामावर माणसं आळीपाळीने लावायची सोडून तुम्ही पट्टे वाटलेत.

यांना चाकणला शिफा मॅडमकडे फिजिओथेरपीला नेलं. त्यांनी शेक दिला, हनुवटी आत ओढायचा व्यायाम शिकवला. मग विचारलं, "पट्टा कधी घालता?"

"कामावर. मान मागे टेकते, वर बघायला बरं पडतं."

"अहो नवनाथभाऊ, तो मानेला आराम द्यायला असतो!"

"मग सगळी लाइनच चुकतेय म्हणा. आम्ही तर सुट्टी झाली की काढून ठेवतो."

मॅडमनी कपाळाला हात लावला. नवरा दुसऱ्या कुणाचा असता तर मीही हसले असते.

त्या स्पष्ट म्हणाल्या, हे काम सुटल्याशिवाय व्यायामाचा उपयोग नाही. मी म्हटलं, जयदीपला सांगा. तर हे म्हणतात, "त्याच्या शब्दावर नोकरीला चिकटलोय. त्याला कशाला अडचणीत आणू?"

तू मात्र वर कळवतोस, एकाही कामगाराची तक्रार नाही!

युनियनच्या गेटसभेत मी गरजते, माणूस म्हणजे यंत्राचा सुटा भाग नव्हे. टाळ्या पडतात. आणि घरी रोज सकाळी यांच्या शर्टाची बटणं मी लावते. मानेपायी यांच्या उजव्या हाताची बोटं ऐकत नाहीत, जयदीप. दिव्याला वाटतं, आई-बाबांचे लाड चाललेत. तुला कळू नये म्हणून यांनी मला शपथ घातली होती. मोडली.

एकट्या दाजींना हलवून मला गप्प करू नकोस. सगळ्या लाइनला आळीपाळी लावून घे. सोमवारी गेटवर सभा आहे. तोवर काही झालं नाही, तर तुझं नाव घेईन, आडनावासकट. ते माझं माहेरचं आडनाव आहे, हे ठाऊक असूनही.

सोमवारपर्यंत तुझीच,
इंदुताई