शुक्रवारचं बूदँ

बुधवार, १८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार.

कपाळावर राख लावून आले. फादर ट्रॅनचा अंगठा जड आहे. यंदा राख भुवईपर्यंत उतरली.

ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात काय सोडायचं ते ठरलं. शुक्रवारी मांस खायचं नाही, ते तर असतंच. त्याला त्याग म्हणत नाहीत. गेल्या वर्षी चॉकलेट सोडलं. डॉक्टरांनी ते आधीच बंद केलं होतं, पण देवाने तेही मोजलं असेल. यंदा कठीण व्रत: दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही. अजिबात नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

कॅमिल जेवायला आली. माझ्या भाचीची मुलगी. बाप्तिस्म्याला मीच तिला हातांत धरलं होतं, म्हणून मला नॅनन म्हणते, म्हणजे धर्ममाता. पुढे गंबोचा गरम रस्सा ठेवला, तर चमचा हातात धरून झोपली.

ती युनिव्हर्सिटीच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर आहे, तोंडावर जाळी चढवून फलंदाजाच्या मागे बसते. शिष्यवृत्ती अर्धीच. उरलेल्या फीसाठी पहाटे बेकरीत डोनट तळते, मग वर्ग, मग सराव. म्हणाली, एक धड जाहिरात मिळू दे नॅनन, बेकरी सोडते की नाही बघ. माणसासारखी झोपेन तरी.

हल्ली कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या चेहऱ्याचे पैसे घेता येतात. पूर्वी फुकटचं सँडविच खाल्लं तरी मुलाला संघाबाहेर बसवायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये घोट्यापर्यंत स्कर्ट सावरत धावण्यात पहिली आले, तेव्हा सिस्टर फिलोमीनने संत आग्नेसचं चित्र दिलं होतं. अजून प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. त्यावर फी भरता आली नसती, हे खरं.

कॅमिलची अडचण अशी की पैसे चेहऱ्याचे देतात आणि हिचा चेहरा सगळा खेळ जाळीमागे. तरी एका लेगिंग्जच्या कंपनीने विचारलंय. मी काही बोलले नाही. व्रत आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

लेगिंग्जच्या कंपनीला पत्र टाकलं. हे नाक खुपसणं नव्हे. कर्तव्य आहे. सिस्टर फिलोमीनने गिरवून घेतलेलं अक्षर अजून शाबूत आहे. खाली सही: मॅनेजर.

मागण्या फार केल्या नाहीत. अट एकच. जाहिरातीत पाय दिसू नयेत.

शनिवार, २८ फेब्रुवारी

कंपनीने कॅमिलला शुभेच्छा कळवल्या आणि दुसरी मुलगी घेतली. बरं झालं. चांगल्या घरातले लोक नव्हेत.

कॅमिलचा फोन. म्हणाली, नॅनन, लेगिंग्ज पायांतच घालतात गं, कानांत नाही! मी म्हटलं, मुद्दा तत्त्वाचा आहे. ती बराच वेळ नाक ओढत होती. सर्दी असावी. बेकरीतून एकदम गार हवेत येते.

शुक्रवार, ६ मार्च

आज मोठं काम झालं. शुक्रवार म्हणून दुपारी ट्यूना खाल्ला आणि अल्सीड गिड्रीच्या दुकानात गेले. आपल्या बायूकाठी, या दलदलीच्या ओढ्याच्या दोन्ही तीरांवर, त्याच्यासारखं बूदँ कोणी करत नाही. भात, डुकराचं मांस, मिरी, सगळं आतड्यात कसं ठासून भरलेलं. एरवी रांग असते. आज चिटपाखरू नव्हतं, म्हणून निवांत बोलता आलं.

अल्सीड म्हणाला, मिस व्हर्डी, पोरीने माझं बूदँ हातात धरून नुसतं हसायचं. पहिला दिवस चांगला गेला तर वर्षभर तिला बांधून घेतो. बेकरीपेक्षा जास्तच देईन, काय समजलात!

कॅमिलला सांगितलं. म्हणाली, कर बाई, पण हे बिघडलं ना, तर मी डोनट तळत तळत म्हातारी होईन.

युनिव्हर्सिटीच्या कचेरीत करार कळवावे लागतात. तिथल्या मुलाने विचारलं, मॅडम, तुम्ही नोंदणी केलेल्या एजंट आहात का? म्हटलं, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत माझं नाव आहे, येऊन बघ.

पहिला दिवस ठरला: पुढचा शुक्रवार, १३ तारीख. घरच्या मैदानावर सामना आहे, सगळं गाव लोटणार. अल्सीडने चाचरत विचारलं, तारीख नीट बघितलीत ना? मी स्पष्ट सांगितलं, तेरा आकड्याला घाबरतात ते अडाणी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे.

शुक्रवार, १३ मार्च. सकाळ.

ऊन छान पडलंय. अल्सीडने पहाटेपासून बूदँ वाफवलंय. मैदानाच्या दाराशी टेबलं मांडली. कॅमिलचं चित्र छापलेले टी-शर्टही आले. जाळी काढल्यावर किती गोड दिसते! सगळ्या गोष्टींचा विचार केलाय. पाऊस आला तर ताडपत्रीसुद्धा आहे.

शुक्रवार, १३ मार्च. संध्याकाळ.

लोक आले. टेबलापाशी थांबले, वास घेतला, आणि पुढे गेले. मला वाटलं लाजताहेत. मी एका बाईच्या हातात तुकडा कोंबला. ती म्हणाली, अगं व्हर्डी, आज शुक्रवार आहे ना? मी म्हटलं, हो, म्हणूनच तर गर्दी आहे!

मग फादर ट्रॅन आले. नुसतं बूदँकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि लिंबू सरबत मागितलं. तेव्हा उजेड पडला.

अल्सीडला विचारलं, तुला कळत नव्हतं का रे? तो म्हणाला, तुम्ही कॉन्व्हेंटच्या! मला वाटलं, बिशपची परवानगी खिशात घालून आला असाल.

पाहुणा संघ टेक्सासच्या बॅप्टिस्ट कॉलेजचा. त्यांना शुक्रवारचं काही नसतं. त्या मुलींनी पोटभर खाल्लं, पुन्हा मागून खाल्लं, आणि जिंकल्या.

कॅमिल दोन्ही हातांत बूदँ धरून शेवटपर्यंत हसत उभी होती. कबूल केलं होतं ना, म्हणून. तो फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. खाली कोणीतरी लिहिलंय, नरकात जाताना शिदोरी.

तरी प्रसिद्धी झालीच.

सोमवार, १६ मार्च

अल्सीडने वर्षाचा विचार सोडला. उरलेलं बूदँ माझ्या घरी आणून टाकलं. म्हणाला, मॅनेजरचा वाटा. फ्रीजरचं झाकण बसत नाही. वर लोखंडी तवा ठेवलाय.

कॅमिलचा फोन नाही. कामात असेल. बेकरीत शुक्रवारी जास्त डोनट खपतात म्हणे. त्यांत मांस नसतं.

मंगळवार, २४ मार्च

कॅमिलचा फोन आला. बायूपलीकडच्या तळलेल्या माशांच्या दुकानाने तो फोटो बघून तिला बोलावलं. वर्षभराचा करार. तिने स्वतः बोलणी केली. जाहिरात फोनवर आलीसुद्धा. ती कॅचरची जाळी वर करते, कॅटफिशचा घास घेते आणि म्हणते, शुक्रवारी काय खायचं, ते माझ्या नॅननला सोडून कोणालाही विचारा.

म्हणजे माझ्याशिवाय जाहिरात पूर्ण होत नाही.

दुकानवाल्याची अट एकच आहे, ती म्हणाली. मॅनेजर नको. मी विचारलं, ही अट त्याची की तुझी? ती म्हणाली, नॅनन, लव्ह यू, ठेवते.

रविवार, ५ एप्रिल. ईस्टर.

जेवायला सगळे आले. बूदँ उकडून, बूदँ भाजून, बूदँचे गोळे तळून. भाची म्हणाली, मावशी, हॅम नाही का गं? तिला फ्रीजर दाखवला.

कॅमिलने बेकरी सोडली. जेवणानंतर सोफ्यावर आडवी झाली, ती झोपलीच. पोरं लपवलेली ईस्टरची अंडी शोधत आरडाओरडा करताहेत, हिला पत्ता नाही. तोंड उघडं. लहानपणी माझ्या खांद्यावर अशीच झोपायची.

गुडघ्याचे पट्टे बनवणाऱ्या कंपनीला लिहिलेलं पत्र माझ्या एप्रनच्या खिशात होतं. कॅचरचे गुडघे, यासारखी दुसरी जाहिरात नाही. तिला उठवून दाखवायला गेले. लेगिंग्ज घालून झोपली होती. पाय दिसत होते. पांघरूण आणलं, मग वाटलं उकडेल तिला, आणि परत नेलं. पत्रही नेलं. संत आग्नेसच्या चित्रामागे ठेवलं.

अजून झोपली आहे. पोरांना अंगणात पिटाळलं.

उपवासकाळ काल संपला. व्रत आज पाळलं गेलं.